कृष्णधवल कॉम्पोझिट : उजेड कुठे ठेवायचा आणि अंधार किती

दोन-तीन फोटो जोडून एक चित्र घडवणं आता कोणालाही जमतं. मोबाइलवरचं अ‍ॅप माणूस कापून देतं, आभाळ बदलून देतं. तरी बहुतेक कॉम्पोझिट बघताक्षणी चिकटवलेली वाटतात. आणि नाही वाटली, तरी बघणाऱ्याची नजर चित्रभर भटकत राहते, कुठे टेकत नाही. रंग काढून टाकले की हे दोष झाकले जातील अशी एक समजूत आहे. त्यात झाकला जातो तो फक्त रंगांचा बेमेळ. उजेडाचा बेमेळ उलट जास्त उघडा पडतो, कारण कृष्णधवल चित्रात उजेडाशिवाय धरायला दुसरं काही उरत नाही.

चित्रातला सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद भाग जिथे एकमेकांना भिडतात, तिथे नजर आपोआप जाते. उरलेल्या करड्या छटा कुठल्या पट्टीत बसवल्या आहेत, त्यावरून चित्राचा मूड ठरतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

आधी कागदावर

हातात एक उदाहरण असलेलं बरं. वसईच्या किल्ल्यात छपरं कोसळलेली पोर्तुगीज काळातली चर्चं आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकला तोच हा किल्ला. पावसाळ्यात तिथल्या भिंती काळवंडतात, शेवाळ धरतं, जमीन ओली असते. आपलं चित्र असं : चर्चची एक उंच कमान, कमानीत काळी छत्री घेऊन पाठमोरा उभा असलेला माणूस, वर ढगाळ आभाळ. कमान वसईची, आभाळ दुसऱ्या दिवशीचं, माणूस घराजवळ काढलेला.

कॅमेऱ्याला हात लावण्याआधी चित्राचं एक वाक्य लिहा. ‘पाऊस थांबलाय, पण याचा पाय निघत नाही.’ असं वाक्य लिहिलं की निर्णय सोपे होतात. पाऊस थांबलाय, म्हणजे पावसाच्या रेषा नकोत, पण जमीन ओली हवी. पाय निघत नाही, म्हणजे माणूस चालताना नको, दोन्ही पाय टेकलेला हवा. ‘एकाकीपणा’ असा एकच भारदस्त शब्द लिहून ठेवला तर यातलं काहीच ठरत नाही.

मग आगपेटीएवढी चौकट आखून चार-पाच आकारांत चित्र काढा आणि प्रत्येक आकारात ० ते १० पैकी एक आकडा लिहा. ० म्हणजे पूर्ण काळं, १० म्हणजे कोरा कागद, ५ म्हणजे मधला करडा. अन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४० च्या सुमारास जी झोन सिस्टिम मांडली, तिचे ११ टप्पे हेच. त्यांना ते एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग बेतण्यासाठी हवे होते, आपण जुळवाजुळवीसाठी वापरू. आपल्या चित्रात : छत्री ०, भिंतीची आतली बाजू १ ते ३, ओली जमीन ३ ते ५, भिंतीच्या वरचं आभाळ ५ ते ६, आणि कमानीतून दिसणारं आभाळ ९. ० आणि ९ ची गाठ एकाच ठिकाणी पडते, छत्रीच्या कडेला. बाकी कुठेही ६ च्या वर काही नाही. माणूस चित्रात नखाएवढा असला तरी नजर तिथेच जाणार.

आता याच चौकटीत आकडे बदलून पाहा. भिंत ५, जमीन ६, आभाळ ८, छत्री ३ केली की तेच चित्र धुक्यातलं, विसरत चाललेल्या आठवणीसारखं होतं. भिंत २, आभाळही २ आणि फक्त जमिनीवरचा पाण्याचा डाग ७ केला की त्यात भीती येते. आकार एकही हलला नाही. मूड म्हणून जे म्हणतात ते बरंचसं इथे, पेन्सिलीने ठरतं. नंतर फिल्टर लावून ते आणायला गेलं की सगळी चित्रं एकाच साच्यातली दिसू लागतात.

तुकडे गोळा करणं

कॉम्पोझिट बिघडतं ते बहुतेकदा फोटो काढतानाच. कॉम्प्युटरवर जे दुरुस्त करता येत नाही अशा तीन गोष्टी आहेत : उजेडाची दिशा, कॅमेऱ्याची उंची आणि कॅमेऱ्यापासूनचं अंतर.

उजेडाचं सोपं उत्तर म्हणजे ढगाळ दिवस. ढगांच्या पडद्यातून उजेड सगळीकडून येतो, सावल्या मऊ पडतात, दोन वेगळ्या दिवशी काढलेले तुकडे एकमेकांशी पटवून घेतात. सुरुवात करणाऱ्याने कडक उन्हातले तुकडे जोडायच्या फंदात पडू नये. पण ढगाळ दिवशीही दिशा असतेच. आपला माणूस कमानीत उभा आहे, म्हणजे उजळ आभाळ त्याच्या मागे. तेव्हा त्याचा फोटोही तसाच हवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये छपराखाली कॅमेरा ठेवा, माणूस छपराच्या कडेला उभा करा, मागे मोकळं आभाळ येऊ द्या. समोरून फ्लॅश मारून काढलेला माणूस कमानीत कितीही सफाईने बसवा, तो पाहुणाच वाटणार.

उंचीचा नियम फार कमी लोक सांगतात, आणि उपयोगाचा तर सगळ्यात जास्त तोच आहे. सपाट जमिनीवर कॅमेरा सरळ धरला असेल, तर क्षितिजाची रेषा कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर जवळचा असो की लांबचा, प्रत्येक उभ्या माणसाला ही रेषा जमिनीपासून दीड मीटरवरच कापते, म्हणजे साधारण ओठांच्या आसपास. म्हणून कमान दीड मीटरवरून काढली असेल तर माणूसही दीड मीटरवरूनच काढा. जोडताना क्षितिज त्याच्या ओठांशी आणा. पाय जिथे टेकतील तिथे त्याचं माप बरोबर असतं. माणूस राक्षस किंवा बाहुला का दिसतोय हे कळत नाही तेव्हा कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं.

क्षितिज भिंतीमागे लपलेलं असेल तर भिंतीच्या कडा, फरशीच्या रेषा पुढे वाढवून त्या कुठे मिळतात ते पाहा. याहून सोपा उपाय : जागेवर असतानाच बरोबरच्या कोणाला तरी कमानीत उभं करून एक जादा फोटो काढून ठेवा. तो चित्रात वापरायचा नाही, मोजपट्टी म्हणून ठेवायचा. जमिनीवर त्याची छाया कशी पडते, ओल्या फरशीत प्रतिबिंब किती दिसतं, कमानीचा काळोख त्याच्या खांद्यावर किती येतो, सगळं त्यात असतं. (पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगीचं विचारून घ्या. नाहीतर कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात ताणून धरला तरी उंची बऱ्यापैकी सारखी राहते.)

अंतराबद्दल एवढंच : माणूस चित्रात दहा पावलांवर दिसणार असेल तर दहा पावलांवरूनच काढा, शक्यतो त्याच लेन्सने. दोन पावलांवरून काढून लहान केलेल्या माणसाचं डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. मोबाइलच्या वाइड लेन्सने तर जास्तच.

आभाळ मात्र वेगळं काढायला कोणाची हरकत नसावी. ही युक्ती फोटोग्राफीच्या बालपणापासूनची आहे. १८५० च्या दशकातल्या कोलोडियन काचांना (फिल्मऐवजी वापरायच्या रसायन लावलेल्या काचांना) निळा उजेड फार लवकर लागायचा. समुद्र नीट येईपर्यंत आभाळ जळून कोरं व्हायचं. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजावर जोडून चित्रं छापली. त्याचं एकच आभाळ एकाहून जास्त समुद्रांवर दिसतं. तुम्हीही आभाळांची एक पेटी करा. गच्चीवरून, गाडी थांबवून, येता-जाता ढग काढत राहा आणि फाइलच्या नावात वेळ, उजेड कुठल्या बाजूने होता, आणि कॅमेरा किती वर वळवला होता हे लिहा. क्षितिजाजवळचे ढग दाट आणि चपटे दिसतात, डोक्यावरचे मोठे आणि विस्कटलेले. डोक्यावरचे ढग क्षितिजावर आणून ठेवले की काहीतरी चुकलंय हे बघणाऱ्याला जाणवतं, काय ते सांगता येत नाही.

शक्य असेल तर सगळे तुकडे रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा. मोबाइलवर प्रो मोड असेल तर तोच वापरा. ब्युटी, एचडीआर वगैरे आपोआप चालणारं सगळं बंद.

रंग कधी काढायचे

सगळे तुकडे आधी कृष्णधवल करून मग जोडायला घेऊ नका. कापाकापी करताना रंग मदतीला येतो : निळा शर्ट हिरव्या झाडीपुढे सॉफ्टवेअरला सहज ओळखू येतो, करड्यापुढचा करडा नाही. म्हणून निवड आणि मास्क (तुकड्याचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) रंगीत असताना करा आणि मग प्रत्येक तुकडा आपापला वेगळा कृष्णधवल करा. सगळ्या चित्रावर एकच बटण दाबून नाही.

वेगळा का, तर एखादी लाल छत्री आणि हिरवं शेवाळ डोळ्याला कितीही वेगळे दिसले तरी रंग नुसते काढून टाकल्यावर दोन्ही एकाच करड्यात येऊ शकतात. सॉफ्टवेअरचं नेहमीचं सूत्र साधारण ७२ टक्के हिरवा, २१ टक्के लाल आणि ७ टक्के निळा असं वजन देतं. ते डोळ्याच्या सरासरीसाठी ठीक आहे. आपल्याला आपल्या कागदावरचे आकडे हवेत. फोटोशॉपमध्ये आणि ब्राउझरवर फुकट चालणाऱ्या फोटोपीमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नावाचा अ‍ॅडजस्टमेंट लेअर (चित्रावर चढवायचा थर) आहे, गिंपमध्ये मोनो मिक्सर. त्यात कुठला रंग किती उजळ करड्यात यावा हे स्लायडरने ठरतं. हिरवा खाली ओढला की शेवाळ काळवंडतं, भिंत जुनी आणि जड होते. लाल वर नेला की माणसाची त्वचा उजळते. निळं आभाळ गडद करायचं तर निळा खाली. पण पावसाळी आभाळाला रंगच नसतो, त्यामुळे तिथे ‘ब्लॅक अँड व्हाइट’चे स्लायडर कितीही ओढा, काही हलत नाही. ते काम कर्व्ह्जचं, म्हणजे गडद-उजळ छटा एका रेषेने वर-खाली करायच्या साधनाचं. निळ्याशी फार खेळूही नये : त्या चॅनलमध्ये नॉइज (फोटोतली रवाळ खरखर) सगळ्यात जास्त असतो आणि तो गुळगुळीत ढगांत खडबडून वर येतो.

आणि फाइल १६ बिटमध्ये ठेवा. ८ बिटमध्ये करड्याच्या छटा फक्त २५६. रंगीत चित्रात तीन चॅनल एकमेकांना सांभाळून घेतात, इथे एकच असतो. धुक्याची किंवा आभाळाची हळूहळू उतरणारी छटा ताणली की पायऱ्या दिसू लागतात.

शक्यतो कापूच नका

नवा माणूस सगळ्यात जास्त वेळ केस, फांद्या, छत्रीच्या काड्या कापण्यात घालवतो. तो बराचसा वाचवता येतो.

‘मल्टिप्लाय’ हा ब्लेंड मोड (दोन लेअर एकमेकांत मिसळायची पद्धत) वरच्या आणि खालच्या लेअरच्या उजळपणाचा गुणाकार करतो. पांढरं म्हणजे १ आणि काळं म्हणजे ० धरा. वरचा लेअर पांढरा असेल तिथे खालचं जसंच्या तसं दिसतं. वरचा काळा असेल तिथे काळंच राहतं. म्हणजे पांढऱ्या आभाळापुढे काढलेली कोणतीही गडद वस्तू मल्टिप्लायने न कापता बसते. वठलेलं झाड, विजेच्या तारा, कावळा, आणि आपली छत्री. अट एकच, मागचं आभाळ खरोखर पांढरं हवं. लेव्हल्समध्ये पांढरं टोक ओढून ते २५५ पर्यंत न्या. २४० वर सोडलं तर तुकड्याची चौकट खालच्या चित्रावर मळकट पट्ट्यासारखी उमटते.

‘स्क्रीन’ नेमकं उलटं करतो. काळं नाहीसं होतं, उजळ तेवढं राहतं. उदबत्तीचा धूर काळ्या कापडापुढे बाजूने उजेड टाकून काढा. तो लेअर ‘स्क्रीन’ मोडमध्ये ठेवला की कुठल्याही चित्रात धूर किंवा विरळ धुकं तयार. शॉवरचं पाणी काळ्यापुढे काढलं की पाऊस. म्हणून तुकडा काढतानाच विचारायचं : ही वस्तू शेवटी आजूबाजूपेक्षा गडद हवी की उजळ? गडद हवी तर पांढऱ्यापुढे, उजळ हवी तर काळ्यापुढे.

हे सगळीकडे चालत नाही. आपल्या माणसाची छत्री आणि खांदे उजळ आभाळावर येतात, तिथे मल्टिप्लाय उत्तम. पण त्याचा लेंगा पांढरा असेल आणि तो ओल्या जमिनीवर येत असेल तर लेंग्यातून फरशीच्या रेघा आरपार दिसतील. म्हणून त्याच लेअरची एक प्रत नॉर्मल मोडमध्ये ठेवून फक्त पायांना मास्क लावा.

मास्कचं काम इतकंच : पांढरं दाखवतं, काळं लपवतं, करडं अर्धवट. खोडरबर वापरू नका, पुसलेलं परत येत नाही. मास्कची कडा किती मऊ ठेवायची हे सॉफ्टवेअर सांगत नाही, चित्रच सांगतं. त्याच अंतरावरच्या भिंतीची कडा १०० टक्के झूम करून पाहा. ती जितकी धारदार, तितकीच माणसाची. कात्रीने कापल्यासारखी कडा आणि शेजारी मऊ दगड, असं दिसलं की खेळ संपला.

कडेभोवती पांढुरकी रेघ उरली असेल तर मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या, किंवा कडेवर डार्कन मोडमध्ये आजूबाजूच्या छटेचा ब्रश फिरवा. रंगाची किनार कृष्णधवलात जाते, उजेडाची किनार जात नाही.

अमेरिकेत जेरी युल्समन हा फोटोग्राफर हे सगळं डार्करूममध्ये करत असे. अनेक एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारी यंत्रं) ओळीने मांडायचे, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह, आणि एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली न्यायचा. लेन्सखाली पुठ्ठा धरून उजेड अडवला की कडा आपोआप मऊ व्हायची. त्याचा मास्क तो पुठ्ठाच. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत एकाच माणसाचे दोन अवतार एका फोटोत दाखवायचे, त्यातही अर्धी लेन्स झाकायची हीच करामत. फोटोशॉपमध्ये लेअर आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत.

काळ्याशी काळं जुळवा

तुकडे जागेवर बसले तरी चित्र अजून एकजीव नसतं. इथे डोळ्यावर विसंबू नका, आयड्रॉपर (छटा मोजायचं साधन) घेऊन आकडे वाचा. हे आकडे कागदावरच्या ० ते १० चे नाहीत, सॉफ्टवेअरच्या ० ते २५५ चे : ० काळं, २५५ पांढरं.

हवेत बाष्प असतं, धूळ असते. वस्तू जितकी लांब तितकं तिचं काळं फिकट होतं. पुढच्या भिंतीच्या भेगेत काळं १० असेल तर मधल्या खांबाच्या सावलीत ते ४० असेल, मागच्या झाडीत १०० च्या वर. आपला माणूस मधल्या खांबाच्या ओळीत उभा असेल तर त्याच्या छत्रीचं काळं ० ठेवून चालणार नाही. कर्व्ह्जमध्ये डावं खालचं टोक थोडं वर उचला. आता कोणी म्हणेल, कागदावर तर छत्री ० लिहिली होती. बरोबर. म्हणूनच माणूस पुढच्या भिंतीच्या ओळीतच उभा करायला हवा, जिथे १० खरं वाटतं. आकड्यांचा हट्ट धरायचा तर जागा बदला, हवा बदलू नका.

उजळ बाजूचंही तेच. माणसाच्या पांढऱ्या लेंग्याचा आकडा त्याच्या शेजारच्या सगळ्यात उजळ दगडाशी ताडून पाहा. तो कमानीतल्या आभाळाइतका उजळ असेल तर नजर पायांकडे ओढली जाईल.

पायाखाली सावली हवी, आणि ढगाळ उजेडात ती दोन भागांत असते. चपलेच्या अगदी खाली बारीक, काळीकुट्ट रेघ. तिच्याभोवती मोठा, अस्पष्ट, जेमतेम जाणवणारा डाग. पहिली नसेल तर माणूस तरंगतो. दोन्ही वेगळ्या लेअरवर, मल्टिप्लायमध्ये, कमी फ्लोच्या (एका वेळी थोडाच रंग सोडणाऱ्या) ब्रशने रंगवा. ओल्या जमिनीसाठी माणसाची उलटी प्रत, उभ्या दिशेने किंचित ब्लर करून, फक्त जिथे पाणी साचलंय तिथेच मास्कमधून दाखवा. कोरड्या दगडावर प्रतिबिंब चढलं की बिंग फुटतं.

धुकं घालायचं तर ते माणसाच्या मागे, भिंतींच्या मधल्या थरांत घाला. सगळ्यांवरून एकच चादर टाकू नका. आणि ते पांढरं नसतं. क्षितिजाजवळच्या आभाळाची छटा आयड्रॉपरने उचलून तीच वापरा.

नजर बांधणं

आतापर्यंत खरं वाटण्याची तजवीज झाली. आता पक्षपात करायचा.

वर एक नवा लेअर घ्या, तो मधल्या करड्याने, १२८ ने भरा आणि मोड सॉफ्ट लाइट करा. लेअर चालू-बंद केल्यावर चित्रात फरक दिसता कामा नये. आता त्यावर काळ्या ब्रशने रंगवलं की खालचं गडद होतं, पांढऱ्याने उजळ. ब्रश मोठा, मऊ, आणि फ्लो ३ ते ५ टक्के. हात परत परत फिरवायचा. एका फटक्यात काम करू पाहणाऱ्याच्या ब्रशचे डाग चित्रावर राहतात.

आधी काळोख करा. कमान सोडून जिथे जिथे ६ च्या वरचा उजेड दिसतो तो शोधून दाबा : कोपऱ्यातला ओला दगड, भिंतीवरच्या भेगेतून डोकावणारं आभाळ, चमकणारं एखादं पान. यातलं एकेक क्षुल्लक असतं, पण प्रत्येक जण नजरेचा थोडा हिस्सा खातो. बहुतेक चित्रांना उजळवण्यापेक्षा हे दाबणंच जास्त लागतं. त्यानंतर छत्रीच्या कडेचं आभाळ किंचित उजळ, आणि चित्राच्या खालच्या कडेपासून माणसाच्या पायापर्यंत जमिनीवरचा एक फिकट पट्टा, जो पुढून आत नेईल. बस.

तयार मिळणारं गोल व्हिनेट शक्यतो टाळा. ते सगळ्या कडा सारख्याच काळ्या करतं, जणू सगळीकडून सारखाच धोका आहे. खऱ्या जागेत एक बाजू जास्त अंधारी असते. आपल्या चित्रात डावी भिंत जवळ आहे, ती जास्त दाबा, उजवीकडे थोडा श्वास ठेवा.

इंग्लिश फोटोग्राफर हेन्री पीच रॉबिन्सनचं ‘फेडिंग अवे’ हे १८५८ चं प्रसिद्ध चित्र या कामासाठी डोळ्यांपुढे ठेवण्यासारखं आहे. पाच निगेटिव्ह जोडून केलेलं. मरणाला टेकलेली मुलगी, तिच्याजवळ घरच्या स्त्रिया, आणि मागे खिडकीशी पाठमोरा पुरुष. मुलगी पांढऱ्यात, पुरुष खिडकीच्या उजेडापुढे गडद. नजर आधी मुलीवर जाते, मग खिडकीकडे, आणि दुःख त्या दोन उजेडांच्या मधल्या काळोखात कळतं. त्याच्या आदल्या वर्षी ऑस्कर रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून भलं मोठं नीतिबोधाचं चित्र केलं होतं. कौशल्य अफाट, राणी व्हिक्टोरियाच्या संग्रहातही त्याची प्रत गेली. मला मात्र ते बघताना नजर कुठे ठेवू असं होतं. माणसं फार, आणि उजेड सगळ्यांना वाटून दिलेला. पहिल्या कॉम्पोझिटसाठी तीन तुकडे पुरे.

तपासायच्या दोन युक्त्या. चित्र नखाएवढं लहान करून पाहा, तरीही छत्री आधी दिसली पाहिजे. मग आरशात दिसतं तसं डावं-उजवं उलटं करा. रोज पाहून डोळ्याला सवय झालेली असते, उलट्या चित्रात तिरकी भिंत, जड झालेली बाजू, हरवलेली सावली लगेच खुपते.

शेवटी एकच ग्रेन

वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या आयएसओवर काढलेल्या तुकड्यांचा पोत वेगळा असतो. आभाळ गुळगुळीत, माणूस रवाळ. आधी प्रत्येक तुकड्याचा नॉइज कमी करा, मग सगळ्यांच्या वर एकच ग्रेन (फिल्मसारखा रवाळ पोत) घाला : पुन्हा १२८ करड्याचा लेअर, सॉफ्ट लाइट, त्यात एकरंगी नॉइज, आणि नावापुरता अर्ध्या पिक्सेलचा ब्लर. ग्रेनने आभाळातल्या पायऱ्याही मोडतात. प्रमाण स्क्रीनवर १०० टक्के झूम करून ठरवू नका, छापायच्या आकारात ठरवा. ग्रेन हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त एकजीव करणारा उपाय आहे. म्हणूनच लोक तो पहिल्यांदा घालतात आणि बाकीच्या पायऱ्या गाळतात. तसं करू नका.

किंचित उबदार किंवा थंड टोन द्यायचा असेल तर आता. वसईच्या ओल्या दगडाला मी थंड बाजू देईन, तीही अगदी थोडी. सेपिया लावला की चित्र ‘जुनं’ असल्याचं सोंग करू लागतं आणि आपलं वाक्य मागे पडतं.

स्पर्धेला पाठवणार असाल तर विभाग बघून पाठवा. फियाप (आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी महासंघ) आणि पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) यांच्या नियमांखाली भरणाऱ्या सलोनांत, म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनांत, मोनोक्रोमच्या खुल्या विभागात कॉम्पोझिट चालतं, पण प्रत्येक तुकडा तुम्ही स्वतः काढलेला हवा. इंटरनेटवरून घेतलेलं आभाळ किंवा सॉफ्टवेअरबरोबर आलेले ढग बाद. निसर्ग आणि वृत्त विभागात जोडकाम मुळीच चालत नाही. समाजमाध्यमावर टाकतानाही हे जोडचित्र आहे असं खाली लिहा. वसईच्या पावसाचा खरा फोटो म्हणून ते फिरायला लागलं तर आवरायला तुम्हालाच धावावं लागेल.

छपाई

बारा बाय अठरा इंचांवर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. भिंतीवर लावून चार फुटांवरून बघणार असाल तर २०० डीपीआयही पुरतो. बऱ्याच लॅबना ग्रेस्केल फाइल चालत नाही, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतली ८ बिट जेपीईजी मागतात. ती बनवताना मूळ १६ बिटची लेअरसकट फाइल वेगळी जपून ठेवा. प्रिंटवर हिरवट किंवा जांभळट झाक आली तर कारण बहुधा रंगीत शाईच्या मशीनवर छापल्याचं असतं. लॅब बदला, किंवा मुद्दाम हलका टोन देऊन छापा, म्हणजे झाक तुमच्या मर्जीची राहील.

स्क्रीन नेहमी जास्त उजळ असते, प्रिंट अंधारी येते. मॅट कागदावर काळं ग्लॉसीइतकं खोल जात नाही, ते राखेकडे झुकतं, आणि आपल्या भिंतीतले १ ते ३ मधले फरक एकमेकांत मिसळून जातात. म्हणून पूर्ण चित्र छापण्याआधी एक चाचणी पट्टी छापून घ्या. चार बाय सहाच्या कागदावर भिंतीचाच एक तुकडा पाच वेळा, प्रत्येक वेळी सगळ्यात गडद छटा थोडी वर उचललेली : ०, ८, १६, २४, ३२. पट्टी खिडकीच्या उजेडात धरा आणि दगडाचा पोत कुठल्या आकड्याला दिसायला लागतो ते बघा. तो आकडा लॅबच्या आणि कागदाच्या नावासकट वहीत लिहा. त्या कागदावर भिंतीचं काळं त्याच्या खाली न्यायचं नाही. त्याखालची जागा छत्रीला सोडा.